पंपातलं फळ

टकळीने फ्रेंच घेतलं ते मार्कांसाठी. कॉलेजात दुसरी भाषा घ्यावीच लागे, आणि वरच्या वर्गातल्या मुलींनी छातीठोकपणे सांगितलं होतं की फ्रेंचमध्ये मार्कांची लयलूट असते. म्हणून घेतलं. पहिल्या वर्षी तिला नमस्कार, आभार, बाजारातली फळं, घरातल्या खोल्या आणि संग्रहालयाचा रस्ता विचारणं एवढं आलं. मार्क खरंच चांगले पडले. पण दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर भोवतालचा प्रत्येक माणूस तिला एकच प्रश्न विचारू लागला: पुढे काय?

सगळ्यात जास्त विचारायचा तो मामा. तो विमा विकायचा, त्यामुळे लोकांच्या भविष्याबद्दल बोलायचा पहिला हक्क आपला, असं त्याला वाटे.

"फ्रेंच शिकून करणार काय? हॉटेलच्या दारात उभी राहून पाहुण्यांना सलाम ठोकणार?"

"भाषांतर करता येतं, मामा. शिकवता येतं. परदेशी कंपन्यांत..."

"भाषांतर आता फोन करतो. फुकटात करतो."

घरात तिला टकळी म्हणत ते उगाच नाही. बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायलाही सवड मिळत नसे. पण या मुद्द्यावर तिची बोलती बंद व्हायची. कारण मामाचं म्हणणं तिला मनातून थोडं पटायचं.

तिची आई हातपंप बनवणाऱ्या कारखान्यात पॅकिंगला होती. कारखाना म्हणजे एक लांबट शेड, पुढे काचेची केबिन, मागे पंप तपासायचा सिमेंटचा हौद आणि एकूण सव्वीस माणसं. आई वॉशर, बोल्ट, साखळ्या मोजून पिशव्यांत भरायची. एका संध्याकाळी ती हातपाय धुऊन जेवायला बसली आणि सहज बोलल्यासारखी म्हणाली, "तुला त्यांचं बोललेलं कळतं का गं? म्हणजे नुसतं लिहिलेलं नाही, बोललेलं?"

"कुणाचं?"

"फ्रेंच लोकांचं. आमच्या साहेबांच्या फोनवर येतं सारखं."

मग सगळा प्रकार बाहेर आला. चार वर्षांपूर्वी एका संस्थेने या कारखान्याचे सहाशे हातपंप विकत घेऊन पश्चिम आफ्रिकेतल्या खेड्यांत बसवले होते. मधला सगळा व्यवहार संस्थाच बघायची, तोही इंग्रजीत. दोन वर्षांनी संस्थेचं काम संपलं, तिची माणसं निघून गेली. पण प्रत्येक पंपावर कारखान्याचा फोन नंबर कोरलेला होता. तिकडचे पंप दुरुस्त करणारे लोक त्या नंबरवर बोलून निरोप पाठवू लागले. तिकडे कारभाराची भाषा फ्रेंच. साहेबांनी सुरुवातीला ते निरोप फोनमधल्या भाषांतराला ऐकवून पाहिले. मागे शेळ्या ओरडतायत, पाणी पडतंय, वारा घोंघावतोय. फोनने भाषांतर काढलं: "आजोबा लग्नाला दगड घेऊन गेले." त्यानंतर साहेबांनी नाद सोडला.

"किती निरोप आहेत?" टकळीने विचारलं.

"एकशे बारा," आई म्हणाली. "मी विचारलं आज. आणि म्हटलं, माझी मुलगी शिकतेय."

टकळीने हातातला घास ताटात ठेवला. "आई! मला संग्रहालयाचा रस्ता विचारता येतो फक्त!"

"मग तो विचार," आई म्हणाली. "उद्या दुपारी ये."

दुसऱ्या दिवशी ती केबिनमध्ये साहेबांच्या समोर बसली. साहेब जाडजूड, चष्मा कपाळावर चढवलेले. शेजारी फोरमनकाका उभे होते, हाताची घडी घालून. या कारखान्यातला प्रत्येक पंप त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे आणि पंपात काही दोष असू शकतो हे त्यांना मान्य नव्हतं.

टकळीने कानाला हेडफोन लावले. पहिला निरोप एका बाईचा होता. आवाज भरदार, वेग असा की जणू मागे कुत्रं लागलंय. कॉलेजात बाई ऐकवायच्या त्या ध्वनिफिती किती शहाण्यासारख्या बोलायच्या! इथे शब्दाला शब्द चिकटलेला. टकळीने तोच निरोप सात वेळा ऐकला. आठव्या वेळी एक ओळ हाती लागली आणि ती खुर्चीतून जवळजवळ उडालीच.

"कळलं! पंपात फळ आहे म्हणतायत!"

"काय आहे?" साहेबांनी चष्मा नाकावर घेतला.

"फळ. फ्रुई म्हणजे फळ. 'पंपात एक फळ आहे.'"

फोरमनकाका असे हसले की बाहेर लेथवरच्या माणसाने मशीन बंद करून आत डोकावून पाहिलं. "पंपाला फळं धरली, साहेब! आता लोणचं घालू या!"

पॅकिंगच्या टेबलापर्यंत ही बातमी पोचायला दोन मिनिटंही लागली नाहीत. आईने मान वर केली नाही, पिशव्या भरत राहिली. ते टकळीला जास्त लागलं.

तिथून ती तडक कॉलेजात गेली. फ्रेंचच्या बाई स्टाफरूममध्ये पेपर तपासत होत्या. बाई बारीक चणीच्या, बोलणं तुटक. शिकवायला येण्याआधी अकरा वर्षं त्यांनी एका जहाज कंपनीत पत्रव्यवहार केला होता. टकळीने फोनवर आणलेला तो निरोप त्यांना ऐकवला आणि स्वतःची फजितीही सांगितली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी निरोप पुन्हा लावला. "नीट ऐक. फळाच्या आधी ती काय म्हणतेय?"

"युन... युन फ्रुई."

"आणि फळ फ्रेंचमध्ये 'तो' की 'ती'?"

टकळीने ओठ चावला. "तो. अँ फ्रुई."

"मग ती बाई 'युन' कशी म्हणेल? तू मराठीत 'एक मोठी दरवाजा' म्हणशील? जन्मात नाही. तिच्याही तोंडून ते यायचं नाही. म्हणजे शब्द फळ नाही. शब्द 'ती' आहे, शेवटी 'त' वाजतोय. फ्वीत. शोध."

टकळीने शोधला. फ्वीत म्हणजे गळती.

"पंप गळतोय!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की पलीकडचे भूगोलाचे सर दचकले. "बाई, पंप गळतोय! फळ नाही! गळती!"

"बरं, बस आता," बाई म्हणाल्या, पण त्यांचेही डोळे चमकत होते. "परवा तूच मला विचारत होतीस ना, फ्रेंचचं पुढे काय करायचं? ऐक. नमस्कार-चमत्कार येणाऱ्यांना कुणी नोकरी देत नाही. तुझ्या मामाचं तेवढं बरोबर आहे, सोपं भाषांतर आता फोन करतो. पण गळक्या पंपाशेजारी उभं राहून घाईत बोलणाऱ्या बाईचं ऐकून घ्यायला माणूस लागतो. फ्रेंचच्या बी-टू पातळीच्या परीक्षेपर्यंत रेट. आणि सोबत एक धंदा शिक. कुठलाही. जहाजं, औषधं, पंप, विमा. मी जहाजांचं शिकले म्हणून टिकले. माझ्या वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलीला कविता तोंडपाठ होत्या, पण मालाच्या पावतीला काय म्हणतात ते तिला सांगता येईना. दोन महिन्यांत घरी बसली."

"पण मला अर्धं कळतच नाही, बाई."

"मग विचार त्यांना. कळलं नाही म्हणून सांगायचं. कळल्याचं सोंग मात्र आणायचं नाही. या कामात सोंग महागात पडतं."

पुढचे नऊ दिवस टकळीने कॉलेज सुटल्यावर केबिनच्या कोपऱ्यात मुक्काम ठोकला. रोज दहा-बारा निरोप. एका वहीत ती ऐकू येईल तसं मराठी अक्षरांत उतरवायची आणि मग अर्थ लावत बसायची. हळूहळू कान तयार झाला. वेगवेगळे आवाज ओळखू यायला लागले: एक खोकणारा म्हातारा, एक प्रत्येक वाक्याआधी घरच्यांची खुशाली विचारणारा तरुण, आणि ती भरदार आवाजाची बाई. तिचेच एकतीस निरोप होते. ती मोटारसायकलवरून चाळीस गावांचे पंप दुरुस्त करत फिरायची आणि सगळे तिला मादाम म्हणायचे.

पहिल्या पन्नास निरोपांत तक्रार एकच. पाण्यात बारीक वाळू येते, पंपातला वाटीसारखा वॉशर सहा महिन्यांत झिजतो, पाणी गळतं. फोरमनकाकांनी ऐकलं आणि हात झटकले. "वाळू आमची नाही. वॉशर चोख आहे."

पण साठाव्या निरोपानंतर बोलण्याचा सूर बदलला. मादाम आता तक्रार करत नव्हती, काहीतरी समजावून सांगत होती. 'आम्ही कापतो', 'तीन', 'गोल', 'आता गळत नाही'. आणि मधेच एक शब्दांची जोडी, जी टकळीला उलगडत होती आणि तरीही कळत नव्हती. शाँब्र आ एर. शाँब्र म्हणजे खोली, हे पहिल्याच वर्षी शिकलेलं. एर म्हणजे हवा.

"साहेब," ती चाचरत म्हणाली, "मला फोन लावायचाय. त्यांना विचारायचंय."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "तिकडे आता सकाळ असेल. लाव."

फोन टेबलावर ठेवला, स्पीकर चालू केला. साहेब, फोरमनकाका, दारात लेथवाला, त्याच्या मागे टाचा उंचावून आई. घंटी वाजली. टकळीने वही पुढे ओढली. तिकडून "आलो?" आलं आणि तिच्या डोक्यातलं सगळं व्याकरण भुर्रकन उडालं.

"बाँझूर मादाम," ती कशीबशी म्हणाली आणि कारखान्याचं नाव सांगितलं.

पलीकडून किंकाळी. खरीखुरी किंकाळी, आणि मग कुणाला तरी हाका, आणि मग शब्दांचा असा लोंढा की सांगता सोय नाही.

"काय झालं? चिडल्या का?" साहेब घाबरले.

टकळी हसत होती. "नाही! त्या सगळ्यांना सांगतायत, पंपवाल्यांचा फोन आला! दोन वर्षांनी पंपवाल्यांचा फोन आला!" मग फोनकडे वाकून ती म्हणाली, "प्ल्यू लाँतमाँ, मादाम, सिल व्हू प्ले." जरा सावकाश.

आणि मादाम सावकाश बोलली. एकेक शब्द वेगळा करून, लहान मुलाला भरवावं तसं. टकळी ऐकत गेली, विचारत गेली, पुन्हा विचारत गेली, आणि मराठीत सांगत गेली.

"कारखान्याचा वॉशर फार कडक आहे म्हणतात. वाळूचा कण अडकला की नळीला चरे पडतात. त्या स्वतः वॉशर बनवतात. मऊ. तीन चकत्या एकावर एक. कण सरकून खाली जातो. वर्ष झालं, गळती नाही."

"कशाच्या चकत्या?" फोरमनकाकांची हाताची घडी सुटली होती.

टकळीने विचारलं. उत्तर आलं. तिचा चेहरा पडला.

"तेच मला कळत नाहीये, काका. त्या म्हणतात, ट्रकच्या... ट्रकच्या हवेच्या खोलीतून कापतो."

"ट्रकमध्ये कसली आलीय हवेशीर खोली?" साहेब म्हणाले.

लेथवाला फिस्सकन हसला. पण या वेळी फोरमनकाका हसले नाहीत. ते टेबलावर दोन्ही हात टेकून वाकले, डोळे मिटले आणि पुटपुटले, "ट्रक. हवा. हवा कोंडलेली खोली. मऊ. कापता येते." मग एकदम त्यांनी टेबलावर थाप मारली. "ट्यूब! अगं, ट्यूब! टायरच्या आतली ट्यूब!"

"ट्यूब!" टकळी उभी राहिली. "मादाम! चाकाच्या आतलं? काळं रबर?"

"वुई! वुई, वुई, वुई!" तिकडून.

"हो म्हणतायत! हो!"

मग काय झालं ते कुणालाच नीट सांगता येणार नाही. साहेब टाळ्या वाजवत होते. लेथवाला बाहेर पळाला तो सगळ्यांना सांगायला. फोरमनकाका फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन मराठीतच ओरडले, "बाई, चकतीची जाडी किती? जाडी!" आणि टकळीने ते फ्रेंचमध्ये विचारेपर्यंतही त्यांना धीर धरवेना. अर्धा तास ते दोघं बोलत राहिले, फोरमनकाका आणि मादाम, एकमेकांचा एक शब्द न कळता. मधे टकळी धापा टाकत इकडचं तिकडे करत होती. बोल्ट कुठला, छेद केवढा, कापायचं कशाने. जिथे तिचा शब्द संपायचा तिथे फोरमनकाका कागदावर चित्र काढायचे. ती ते शब्दांत सांगायची. मादाम "आ!" म्हणायची आणि खरा शब्द पुरवायची. त्या अर्ध्या तासात टकळी जितके शब्द शिकली तितके तिने दीड वर्षात शिकले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी फोरमनकाकांनी ट्रकची जुनी ट्यूब मिळवली. मागच्या हौदात दोन घमेली बारीक वाळू टाकली आणि शेजारीशेजारी दोन पंप उभे केले. एकात कारखान्याचा वॉशर, दुसऱ्यात मादामचा. पॅकिंगच्या बायका, लेथवाला, साहेबसुद्धा, सगळ्यांनी आळीपाळीने दांडे मारले. पहिल्या दिवशी दोन्ही धारा सारख्या. दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्याच्या पंपाची धार बारीक झाली. चौथ्या दिवशी तो करंगळीएवढं पाणी देत होता आणि दुसरा मात्र अजून दणदणीत, मनगटाएवढं.

फोरमनकाका बराच वेळ त्या धारेखाली हात धरून उभे होते. मग टकळीला म्हणाले, "त्या बाईंना सांग, त्यांचा वॉशर माझ्यापेक्षा चांगला आहे."

"असंच सांगू?"

"असंच सांग. शब्द बदलू नकोस."

तिने सांगितलं. मादामने ते तिला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग ती हळूच काहीतरी म्हणाली. टकळीने डोळे पुसले.

"त्या म्हणतात, पंप तुमचा चांगला आहे म्हणून वॉशर चालला."

महिन्याभरात नव्या वॉशरचा साचा तयार झाला. साहेबांनी ठरवलं की त्यावर मादामचं नाव घालायचं, आणि तिला रीतसर पत्र लिहून परवानगी मागितली. पत्र टकळीने लिहिलं, बाईंनी त्यात एकोणीस चुका काढल्या, तिने पुन्हा लिहिलं. उत्तरात होकार होता, आणि शेजारच्या दोन जिल्ह्यांतल्या पंपदुरुस्तीवाल्यांचे नंबरही. त्यांनाही वॉशर हवे होते. त्यांच्यापैकी एकाने नव्या पंपांची मागणी कळवली तेव्हा साहेबांनी टकळीला केबिनमध्ये बोलावलं.

"कॉलेज सोड आणि कामाला लाग," ते म्हणाले. "उद्यापासून."

टकळीला आकाश ठेंगणं झालं. ती धावत बाईंकडे गेली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मुळीच नाही. साहेबांना सांग, दुपारी तीन तास येईन. सकाळी कॉलेज. बी-टू दे, पदवी घे, मग पूर्ण वेळ. आज त्यांना तुझी गरज आहे म्हणून खूश आहेत. उद्या दुसऱ्या कंपनीत जावं लागलं तर तुझ्या हातात कागद नको?"

साहेब कुरकुरले, पण कबूल झाले. त्या तीन तासांतला एक तास फोरमनकाकांनी मागून घेतला. टकळीने तेलकट एप्रन चढवला आणि पंप उघडायला, जोडायला शिकली. आईच्या टेबलावर बसून तिने प्रत्येक पिशवीतल्या प्रत्येक सुट्या भागाचं फ्रेंच नाव चिठ्ठीवर लिहून चिकटवलं. आई आता पिशव्या भरताना तोंडाने ती नावं म्हणायची. मामा घरी आला तेव्हा त्याने सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाला, "तिकडे विमा काढतात का गं लोक?"

बी-टूची परीक्षा तिने दिली. पहिल्या खेपेला लिखाणात चार मार्कांनी नापास झाली, दोन दिवस कुणाशी बोलली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बसली आणि पास झाली.

त्या वर्षी बाईंनी तिला पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर उभं केलं. 'फ्रेंच आणि पुढच्या वाटा' असं फळ्यावर लिहिलं होतं. शंभर एक मुलं, निम्मी फोनमध्ये मान घालून. टकळीने नोकऱ्यांची यादी वाचली नाही. सरळ फळाची गोष्ट सांगितली. हॉल हसून हसून लोटपोट झाला आणि माना वर आल्या.

शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "म्हणजे फ्रेंच आलं की नोकरी नक्की?"

"नाही," टकळी म्हणाली. "नुसतं फ्रेंच मलाही यायचं, तेव्हा मी पंपात फळं काढली. तुला दुसरं काय आवडतं?"

मुलगी गोंधळली. "मला? मला झाडं आवडतात. रोपवाटिकेत काम करते सुट्टीत."

"मग आजपासून झाडांचं फ्रेंच शीक. माती, कीड, कलम, खत. पुस्तकात नसेल, पण कुणीतरी कुठेतरी बोलत असेल, ते ऐक. नाही कळलं तर पुन्हा ऐक. आणि तो-ती पाठ करायला कंटाळू नकोस, माझ्यासारखी."

"मी पंपाचं बघायला आले तर चालेल?" पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला. "तुमच्या कारखान्यात?"

"शनिवारी या."

सातआठ जण येतील असं तिने फोरमनकाकांना सांगितलं होतं. शनिवारी तेवीस आले. शेडमध्ये उभं राहायला जागा उरली नाही. फोरमनकाकांनी प्रत्येकाच्या हातात एक पाना ठेवला आणि हौदाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "भाषा नंतर. आधी हा उघडा बघू."

रोपवाटिकेवाली मुलगी बाह्या सरसावून सगळ्यांत पुढे गेली.